तोंड काढणे

१.

माझ्या कामाला धड नाव नाही. मालिकेच्या शेवटी सगळ्यांची नावं सरकतात, तिथे माझ्या नावापुढे 'ओठ' एवढाच शब्द असतो आणि तो इतक्या झरकन वर जातो की आमच्या शेजारणीचा अजून माझ्यावर विश्वास बसलेला नाही. कार्टूनमध्ये आवाज आधी रेकॉर्ड होतो, चित्रं नंतर होतात. चित्रातल्या माणसाचं तोंड त्या आवाजाबरोबर हलवायचं, हे माझं काम. ऑफिसात मला ओठवाली म्हणतात. पहिल्या वर्षी राग यायचा. आता फोन उचलल्यावर मीच म्हणते, "ओठवाली बोलतेय."

तोंडं एकूण सात. माणूस भाषण करो नाहीतर शिव्या देवो, सात चित्रांत भागतं. एक नंबर म्हणजे मिटलेले ओठ. प, फ, ब, भ, म, सगळे त्यातच. दोन नंबर म्हणजे उघडं तोंड, 'आ'. बाकीचे पाच सांगत बसत नाही, इथे दोन पुरेत. आरशासमोर उभं राहून आवाज न करता 'पाप' म्हणून बघा, मग 'बाप' म्हणा, मग 'माफ' म्हणा. एक-दोन-एक. तिन्हींचं तोंड तेच. फरक होतो तो घशात, आणि घसा माझ्या हातात नसतो.

मालिकेचं नाव 'आमचं बरं चाललंय'. एक घर आहे. घरात ऊठसूट भाषण ठोकणारे मोठे साहेब, त्यांना टाळ्या वाजवणारी बायको, मोबाइलमध्ये बुडालेली दोन मुलं, आणि कोपऱ्यात खुर्चीवर एक म्हातारा. जगातल्या यच्चयावत ढोंगाची टोपी उडवायची, असं आमच्या मास्तरांचं धोरण. मास्तर म्हणजे दिग्दर्शक. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे अजूनही सूचना कागदावर, लाल पेनने आणि तीन शब्दांत देतात. चौथा शब्द हवा असेल तर त्यांच्या खोलीत जाऊन मागावा लागतो.

म्हाताऱ्याचा विनोद असा, की तो कधीच बोलत नाही. प्रत्येक भागात एकदा घरातल्या कुणाचं तरी लक्ष जातं, "अरेच्चा, तुम्ही इथेच आहात होय!" आणि हशा. हशा रेकॉर्ड केलेला असतो. त्याला जागा म्हणून प्रत्येक विनोदानंतर सगळी पात्रं दीड सेकंद गप्प उभी राहतात. म्हातारा तर एकच चित्र आहे, तीन वर्षांपूर्वी काढलेलं. दर शंभर फ्रेमनंतर, म्हणजे चार सेकंदांनी एकदा, तो डोळे मिटतो आणि उघडतो. हाताला चार-चार बोटं. आमच्याकडे सगळ्यांनाच चार असतात, एकेक बोट कमी केलं की हजारो चित्रांत पुष्कळ मेहनत वाचते.

त्याला तोंड नाही, हे मात्र माझं कर्तृत्व. पहिल्या भागाच्या वेळी मास्तरांच्या कागदावर होतं, "म्हातारा – तोंड काढणे." मी काढलं. मिशीखाली एक बारीक रेघ होती, ती पुसून टाकली. भाग लागला, लोक म्हाताऱ्यावर सगळ्यांत जास्त हसले, आणि मास्तर काहीच बोलले नाहीत. म्हणून मीही काही विचारलं नाही.

२.

म्हाताऱ्याची खुर्ची आमच्या घरातली आहे. मास्तर म्हणाले होते, "खराखुरा म्हातारा आण, कल्पनेतला नको." मी घरी आले तर बाबा पेपर वाचत बसले होते. फोन काढला आणि दोन मिनिटं त्यांचं चित्रण केलं. नाकावर घसरलेला चष्मा, चार बटणांचा स्वेटर, खुर्चीच्या हातावर डाव्या बोटांनी ठेका धरायची सवय, सगळं आलं. त्यांना विचारलं नाही. आपल्याच बाबांना काय विचारायचं, असं वाटलं.

बाबा छापखान्यात जुळारी होते. एकेका अक्षराचे शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे आणि ओळ जुळवायची, तीही उलटी. मी ओठांच्या कामाला लागले तेव्हा म्हणाले, "बापाने खिळे जुळवले, लेक ओठ जुळवतेय. आपल्या घराण्यात एकूण जुळवाजुळवच."

एरवी बोलायला फार कंजूष. लहानपणी मी काही फोडलं, सांडलं, खोटं बोलले, की त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहायची. ते पेपर खाली करायचे, चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "माफ." बस. 'केलं' नाही, 'पुन्हा करू नको' नाही. हल्लीची माणसं दाताखाली ओठ घेऊन 'फ' म्हणतात. बाबांचा 'फ' जुना, दोन्ही ओठ मिटून केलेला. तो कानावर पडला की मी मोकळी. आई लवकर गेली. घरात कोर्ट म्हणाल तर ती एक खुर्चीच होती, आणि त्या कोर्टात मी कधी हरले नव्हते.

मालिका त्यांनी कधी बघितली नव्हती. एका संध्याकाळी शेजाऱ्यांनी हट्टाने बोलावून नेलं, लेकीचं नाव येतं म्हणून. दहा-बारा माणसं जमली होती. म्हातारा दिसला आणि कुणीतरी ओरडलं, "अहो, हे तर तुम्हीच!" सगळे हसले. बाबाही हसले म्हणे.

मी घरी आले तेव्हा ते खुर्चीत होते. म्हणाले, "तोंड काढलंस की माझं."

मला वाटलं, कौतुक चाललंय. "हुबेहूब आलंय ना?" मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. तेव्हा कुठे मला कळलं की ते काय म्हणाले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, लहानपणी राहायची तशी, आणि वाट बघितली. त्यांनी पेपर वर केला.

पुढचे अकरा दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. बाराव्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले, खुर्चीत बसले आणि त्यांचं बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली बारीकशी नस तुंबलीय. त्यांना कळतं सगळं, हातपाय शाबूत आहेत, फक्त शब्द अडकलेत. महिन्या-दोन महिन्यांत सुटतील. आधी ओठ हलतील, मग आवाज येईल. "पहिला शब्द बहुधा सवयीचा असतो," असंही म्हणाले.

त्यांच्या सवयीचा शब्द मला माहीत होता. तेव्हापासून मी त्या एका शब्दाची वाट बघत होते. दुसरं काहीही नाही आलं तरी चालेल, असं मी मनात म्हणायची. मला लाज वाटायची, तरी म्हणायची.

३.

सव्वा महिन्याने सत्काराचा भाग हातात आला.

गोष्ट साधी होती. मोठे साहेब ज्येष्ठांचा मान राखण्यावर मोठा समारंभ ठेवतात, आणि सत्काराला कोण, तर घरचाच म्हातारा. भाषणावर भाषण होतं. पुष्पगुच्छांचा ढीग इतका वाढतो की मागची खुर्ची दिसेनाशी होते. ज्येष्ठांचं ऐकलं पाहिजे, हे वाक्य अकरा वेळा येतं. शेवटी कुणीतरी माइक म्हाताऱ्यापुढे धरतं, आणि तेवढ्यात कार्यक्रम संपतो. मास्तरांनी लिहिलेला सगळ्यांत चांगला भाग होता तो. वाचताना मी खूप हसले आणि मग उठून तोंड धुऊन आले.

माझी पद्धत अशी, की भाग आधी आवाज बंद करून बघायचा. आवाज चालू असला की कान ओठांच्या चुका पदरात घेतो. सकाळची वेळ होती, खोलीचे पडदे ओढलेले, चहाचा कप की-बोर्डच्या डाव्या हाताला. मोठे साहेब हात हलवत होते, ओठ व्यवस्थित पडत होते. आणि मागे, दोन गुच्छांच्या फटीत, म्हाताऱ्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

मी मागे गेले. एकेक फ्रेम पुढे सरकवली. मिटलेले ओठ, उघडं तोंड, मिटलेले ओठ. एक-दोन-एक.

घाबरायचं काही कारण नव्हतं. कामात असं होतं. दुसऱ्या पात्राचं तोंड चुकून भलत्याच चेहऱ्यावर येऊन बसतं, एकदा तर कुत्र्याला साहेबांचं तोंड लागलं होतं आणि आम्ही दिवसभर हसलो होतो. मी शोधलं. पण म्हाताऱ्याच्या चित्राचे दोनच थर, एक शरीराचा आणि एक डोळ्यांचा. तोंडाचा थर कुठेच नव्हता. आणि ती रेघ माझ्या सातांपैकी एकही नव्हती. माझी तोंडं स्वच्छ असतात. या ओठांना सुरकुत्या होत्या, खालचा ओठ मधोमध जरासा फाटलेला होता.

मी तिथे रंग भरला, तोंड पुसलं, आणि भाग पुन्हा तयार करून बघितला. ते होतंच. पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा पुसून बघितलं तेव्हा ते नुसतं एक-दोन-एक राहिलं नव्हतं. त्याच्यापुढे आणखी दोन-तीन आकार आले होते, सावकाश, अडखळत.

मास्तरांना बोलावलं. ते दारातूनच वाकून बघत म्हणाले, "कुठेय? मला तर गुच्छ दिसतायत."

"फटीत बघा ना. मिशीखाली."

"अगं, त्या चित्राला तीन वर्षांत कुणी हात लावलेला नाही." त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "तू दिवसभर ओठ बघतेस. तुला उद्या भिंतीलासुद्धा ओठ दिसतील. दोन दिवस घरी बस, बाबांजवळ."

मला ते पटलं. खरंच सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं.

४.

घरी दिवसा बाबांजवळ मावशी असतात. मावशी म्हणजे त्यांना सांभाळायला येणाऱ्या बाई. स्वभावाने इतक्या हसऱ्या, की पहिल्या दिवशी मला त्यांची काळजीच वाटली होती. मी भरदुपारी दारात उभी राहिलेली बघून म्हणाल्या, "ताई, लवकर सुटलात? बरं झालं. आजोबा हल्ली अगदी शहाण्यासारखे वागतात हं. जरासुद्धा त्रास नाही."

बाबा खुर्चीत होते. खिडकीतून ऊन येऊन त्यांच्या गुडघ्यांवर पडलं होतं. मी समोर स्टूल घेऊन बसले. पंखा फिरत होता, आत मावशी भांडी विसळत होत्या. मी ऑफिसातल्या गमती सांगितल्या. सत्काराच्या भागाचं नाव काढलं नाही.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी मोजतेय. ही माझी धंद्याची खोड आहे, रांगेत उभी असले तरी मी लोकांच्या पापण्या मोजते. माणूस कधी दोन सेकंदांनी डोळे मिटतो, कधी सात सेकंदांनी. कधी लागोपाठ दोनदा. त्यात काही हिशोब नसतो, आणि म्हणूनच तो जिवंत वाटतो. आम्ही कार्टूनवाले आळशी, म्हणून आमचा हिशोब ठरलेला.

बाबांनी डोळे मिटले आणि उघडले. एक, दोन, तीन, चार. मिटले आणि उघडले. एक, दोन, तीन, चार.

मी हातातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. पंधरा वेळा मिनिटाला. पुढच्या मिनिटाला पंधरा. त्याच्या पुढच्यालाही.

"मावशी," मी हाक मारली, "बाबा कधीपासून एवढे स्वस्थ बसायला लागले?"

"आठवडा झाला असेल. आधी ते बोटांनी टकटक करायचे ना, तेसुद्धा बंद झालं." त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "चांगलंच आहे की. मन शांत झालंय त्यांचं."

त्यांच्या स्वेटरला तीन बटणं होती. चौथ्याच्या जागी तुटलेला दोरा असायला हवा होता, निदान टाचणीएवढं भोक तरी. मी वाकून बोट फिरवलं. लोकर सलग होती. आमच्या चित्रातल्या म्हाताऱ्यालाही तीनच बटणं आहेत. चौथं काढायचा कंटाळा केला होता. पण स्वेटर जुना, बटण केव्हा पडलं, कुणी उसवून नीट शिवलं, मला काय माहीत? मी किती दिवस त्यांच्याकडे धड बघितलं नव्हतं, ते मलाच ठाऊक. आजारी माणसाच्या पापण्यांचंही काहीतरी शास्त्र असेल. मी असं सगळं स्वतःला समजावून सांगितलं.

"बाबा," मी हळूच म्हणाले, "चुकलं माझं."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. आधीचं झाल्यावर बरोबर चार सेकंदांनी.

५.

दोन दिवस घरी बसायचं सोडून दुसऱ्याच सकाळी मी ऑफिसात हजर झाले. टेबलावर मास्तरांचा कागद होता. लाल अक्षरात, "म्हातारा – तोंड काढणे."

म्हणजे त्यांनाही दिसलं तर! मला हायसं वाटलं. मी कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले. आमचा आवाज देणारा तिथेच पाय पसरून बसला होता. त्याला आम्ही घसा म्हणतो. एका माणसाच्या गळ्यातून चाळीस आवाज निघतात, साहेबांचा, बायकोचा, कुत्र्याचासुद्धा त्याचाच.

"मास्तर, कालपासून तेच करतेय," मी म्हणाले. "पुसलं तरी परत येतंय."

"पुसायला कुणी सांगितलं? काढ म्हटलंय, काढ. चित्र काढ!" ते वैतागले. "शेवट बदललाय मी. माइक पुढे येतो, म्हातारा पहिल्यांदाच तोंड उघडतो, आणि माइक बंद! नुसते ओठ हलतात. तीन वर्षांनी बोलला आणि कुणाला ऐकूच आलं नाही. कसं आहे?"

"माइक चालू ठेवा की," घसा म्हणाला. "मी म्हाताऱ्यासाठी केव्हापासून आवाज राखून ठेवलाय." आणि त्याने तो काढून दाखवला. नाकातला, किनरा, शेवट वर नेणारा. मास्तर खो खो हसले.

मी दारातच थांबले होते. विचारलं, "मास्तर, पहिल्या भागाच्या वेळीही तुम्ही हेच लिहिलं होतं."

"हो. तेव्हाही काढच म्हटलं होतं. एक वाक्य होतं म्हाताऱ्याला. 'मी ऐकतोय', एवढंच. तू पुसून मोकळी झालीस." ते हात झटकत म्हणाले, "पण लोक हसले ना! म्हणून मी गप्प बसलो. तुझ्या चुकीवर तर तीन वर्षं चाललोय आपण."

मी जागेवर येऊन बसले. भाग चालू केला, आवाज बंद करून. आता फट शोधायची गरज नव्हती. समारंभ सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. आधी एक-दोन-एक, मग पुढे वाक्य, मग आणखी एक. मधेच थांबत होता, दम घेत होता, पुन्हा सुरू करत होता. मी चित्र मोठं केलं. पापण्यांना कसलाच हिशोब नव्हता. खुर्चीच्या हातावर त्याचा डावा हात होता आणि बोटं ठेका धरत होती. मी ती बोटं मोजली. पाच होती.

समोर कागद-पेन्सिल होती. ओठ वाचणं हे माझं पोट आहे. वेळ लागला असता, पण मी ते वाक्य आकड्यांत उतरवून घेतलं असतं आणि अर्थापर्यंत पोहोचले असते. मी लिहिलं, १-२-१. आणि पेन्सिल थांबली.

कारण तो शब्द 'माफ' असेल, तसा 'पाप'ही असेल. पहिला शब्द पाप असेल तर पुढचं मला वाचायचं नव्हतं. ज्या शब्दासाठी सव्वा महिना जीव टांगला होता, तो समोर दिसत होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी भित्री आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी ते केलं. नवा थर घेतला, म्हाताऱ्याच्या मिशीखाली कातडीचा रंग भरला, शेवटपर्यंत सगळ्या फ्रेमवर. खालचे हलणारे ओठ झाकले गेले. हातावर जुना चार बोटांचा हात आणून ठेवला. मिशीखालच्या रंगावर माझी स्वच्छ तोंडं बसवली, एक-दोन-एक, माइक पुढे येतो बरोबर तिथे. काढताना मनात धरलं, माफ. पहिल्या वेळी मी चुकून पुसलं होतं. या वेळी कळत होतं, तरी झाकलं.

भाग तयार केला आणि बघितला. थर हलला नाही. कोपऱ्यातल्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

६.

घरी पोहोचले तेव्हा चार वाजले होते. मावशींनी दारातच हात धरला. "ताई, ओठ हलले! आजोबांचे ओठ हलले!"

"कधी?"

"सकाळी. अकराचा भोंगा वाजून गेला आणि थोड्या वेळाने. आवाज नाही येत, नुसतेच हलतात. पण डॉक्टर म्हणाले होतेच ना, आधी ओठ म्हणून."

मी चप्पल न काढताच आत गेले. बाबा खुर्चीत होते. खाली वर्तमानपत्र पसरलेलं होतं, मावशींनी नुकतीच त्यांची नखं काढली होती. बाबांचे हात शालीखाली होते. मी स्टूल ओढून बसले, आणि त्यांचे ओठ मिटले, उघडले, मिटले. किती स्वच्छ! सुरकुती नाही, खालच्या ओठाची फट नाही. बाबांच्या तोंडावर मी माझं काम बघत होते.

"तिसऱ्यांदा झालं हे," मावशी कौतुकाने म्हणाल्या आणि वर्तमानपत्र गोळा करायला खाली बसल्या. मी बघितलं, कागदावर नखांच्या चंद्रकोरी होत्या. न ठरवताच मोजल्या गेल्या. आठ.

"मावशी, आठच?"

"दोन उडाली असतील कुठेतरी खाटेखाली." त्या कागदाची घडी करून आत गेल्या. मी शाल उचलून बघितली नाही.

फोन वाजला. घसा होता.

"ओठवाली, मास्तरांनी पुन्हा मन बदललंय. माइक चालू ठेवायचा म्हणतात, आवाज दे. मी चित्र बघतोय, तोंड एक-दोन-एक आहे. पाप, बाप की माफ? तिन्ही बसतात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला विचारशील तर पाप," तो म्हणाला. "एवढी भाषणं झाल्यावर म्हाताऱ्याने माइकवर म्हणायचं, पाप! लोक लोळतील. पण काढलं तू आहेस. काय मनात धरून काढलंस ते सांग."

मी बाबांकडे बघितलं. मला आठवलं ते माझ्या थराखालचं तोंड, फाटक्या ओठाचं, दम घेत घेत काहीतरी सांगणारं. ते अजून तिथे बोलत असेल. ऑफिसात जाऊन थर काढायचा, कागद घ्यायचा, शेवटपर्यंत वाचायचं. अर्ध्या तासाचा रस्ता होता. जे असेल ते ऐकायचं.

"अगं, आहेस का? माइक चालू करून बसलोय."

"माफ," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. माफ."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पंखा फिरत होता. ऊन गुडघ्यांवरून सरकून जमिनीवर आलं होतं. बाबांनी डोळे मिटले आणि उघडले. एक, दोन, तीन, चार. मिटले आणि उघडले. मग त्यांनी मान वर केली, चष्म्यावरून सरळ माझ्याकडे बघितलं, ओठ उघडले, आणि खोलीत आवाज आला.

"माऽफ."

ओठ अगदी बरोबर पडले. 'म'ला मिटले, 'आ'ला उघडले, 'फ'ला मिटले. आवाज नाकातला होता, किनरा, आणि त्याचा शेवट वर गेला.

मी सव्वा महिना ज्या शब्दाची वाट बघितली तो शब्द मला मिळाला होता, आणि त्यात बाबांचं काही नव्हतं. लिहिला मी, ओठ माझे, आवाज घशाचा. बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांचं बोलून झालं होतं, पण ते थांबले होते, कशासाठी तरी जागा सोडून.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशी धावत आल्या, कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या, आणि आनंदाने मोठमोठ्याने हसायला लागल्या. "बोलले! आजोबा बोलले की हो!"

दीड सेकंद झाल्यावर बाबांनी मान खाली घातली. चार सेकंदांनी डोळे मिटले आणि उघडले.